बिजागरी बघून घेतलेलं वॉफल मशीन

आयुष्यातले माझे बहुतेक मोठे निर्णय मी दातांच्या डॉक्टरांकडे घेतले आहेत. तिथे बसायला खुर्ची मिळते, वाट बघावी लागते आणि आतून येणाऱ्या आवाजामुळे डोकं नको तितकं तल्लख चालतं. (लग्नाला होकारसुद्धा मी अक्कलदाढ काढायच्या दिवशीच कळवला होता. दाढ काढायच्या आधी की नंतर, ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.)

वॉफल मशीन घ्यायचं ठरलं तेही तिथेच. कोपऱ्यातल्या मासिकाला कव्हर नव्हतं, पण मधल्या पानावर एक रंगीत चित्र होतं. एक कुटुंब नाश्त्याला बसलंय. आई, वडील, मुलगा, मुलगी आणि आजोबा. पाचही जण एकाच वेळी हसताहेत आणि टेबलाच्या मधोमध एक वॉफल मशीन वाफा सोडतंय. ज्यांना वॉफल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : पातळसर पीठ दोन तापलेल्या ताटल्यांमध्ये दाबून भाजलं की चौकोनी खळग्याखळग्यांचा, बाहेरून कुरकुरीत असा जो केक निघतो, ते वॉफल. निघतो असं म्हणतात. ते पुढे येईलच.

मी त्या चित्राकडे बघत बसलो. आमच्याही घरात पाच माणसं आहेत. टेबल आहे. हसू प्रयत्न केला तर आणता येईल. मग आपल्याकडे कमी काय आहे? तर मधलं मशीन!

हसू नका.  आमच्या घरी सकाळचं खाणं पाच पाळ्यांमध्ये होतं. आबा, म्हणजे माझे वडील, अग्निशामक दलातून निवृत्त झालेत. ते सहा वाजता उभ्याने खातात, पायात बूट घालून. घंटा कधीही होईल ही तीस वर्षांची सवय. आमची ही रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. ती साडेसहाला केळं सोलत जिना उतरते आणि साल खालच्या डब्यात टाकून बस पकडते. मी साडेसातला, वर्तमानपत्राशी गप्पा मारत. धाकटा नववीत आहे. तो जे काही खातो ते लिफ्टमध्ये. आणि ताई, म्हणजे आमची मुलगी, सुट्टी असल्यामुळे अकराला उठते आणि फ्रिजच्या उघड्या दारात उभी राहून खाते. रविवारी फक्त वेळा बदलतात. माणसं काही एकत्र येत नाहीत.

आणि ताईला अकरा तासांच्या अंतरावरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. ती जायला पाच रविवार उरले होते. माझं मागणं एवढंच होतं की तिने जायच्या आधी एकदा, निदान एकदा, आम्ही पाचही जणांनी एका टेबलाशी बसून सकाळी खावं. तोंडाने सांगून बघितलं होतं. "हो बाबा, बसू या ना," असं सगळे म्हणाले आणि आपापल्या पाळीला निघून गेले. पालथ्या घड्यावर पाणी.

तर पहिला रविवार दुकानात गेला.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी बिजागऱ्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. दाराच्या, कपाटाच्या, पेट्यांच्या बिजागऱ्या उघडमीट करून, कान लावून, पास-नापास करायच्या. अठ्ठावीस वर्षं मी हेच करतोय. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे मी आधी जोडाच्या बाजूने बघतो. (माणसांकडेही. आमच्या साहेबांचा गुडघा करकरतो हे त्यांच्या डॉक्टरांच्या आधी मला कळलं होतं. सांगितल्यावर बढती मिळाली नाही.)

दुकानात सात मशीनं ओळीने मांडलेली होती. विक्रीवाल्या बाई पुढे आल्या.

"सर, हे नवीन आलंय. नॉनस्टिक आहे, धुवायला सोपं..."

"थांबा जरा," मी म्हणालो आणि झाकणाला कान लावला.

झाकण उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं. नियम आहे, नमुन्याची पन्नास वेळा उघडमीट. पहिलं मशीन एकतिसाव्या वेळेला कुरकुरलं. नापास. दुसऱ्याची खीळ सैल. तिसऱ्यापर्यंत माझ्याभोवती पाचसात माणसं जमली होती. त्यातल्या एका पिशवीवाल्या काकूंनी आदराने विचारलं,

"तुम्ही हे किती वर्षं करताय?"

"अठ्ठावीस."

"अगं बाई! रोज?"

"रोज. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच."

"आणि घरचे कंटाळत नाहीत?"

"घरी विषयसुद्धा काढू देत नाहीत."

काकूंनी माझ्याकडे फार करुणेने बघितलं. "मग इतकं सगळं खातं कोण हो?"

"खात नाही कुणी. दारांना लावतो," मी म्हणालो.

काकू दोन पावलं मागे सरकल्या, पण त्यांच्या शेजारच्या बाईंनी मी हातात धरलेलं चौथं मशीन लगेच बांधून घेतलं. म्हणाल्या, इतकं वेड लावणारी वस्तू आहे म्हणजे चांगलीच असणार. विक्रीवाल्या बाईंचा नूर पालटला. शनिवारी मोकळे असता का, म्हणून मला विचारू लागल्या.

आणि तेवढ्यात मला ते दिसलं. कोपऱ्यात, वेगळ्या कट्ट्यावर. बिडाच्या ताटल्या, फिरवायला लाकडी मुठीचा दांडा, आणि मागे दुहेरी बिजागरी. पितळी! मी झाकण उचललं. आवाज नाही. अर्ध्यावर सोडलं. जिथल्या तिथे थांबलं. पन्नास झाले, शंभर झाले, हूं नाही की चूं नाही. अशी बिजागरी मी फक्त कंपनीच्या कॅलेंडरवर बघितली होती.

"सर, ते हॉटेलसाठीचं आहे," बाई म्हणाल्या. "त्याच्या ताटल्या नॉनस्टिक नाहीत. आणि त्याचा प्लग..."

"ही बिजागरी बघितलीत तुम्ही?"

"हो सर, पण प्लग..."

"बांधा."

मशीन अकरा किलोचं निघालं. मी आणि रिक्षावाल्याने मिळून ते तिसऱ्या मजल्यावर आणलं. (लिफ्ट होती. आम्हाला दुसऱ्या मजल्यावर आठवली.) हिने दार उघडलं, खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते हेच का?"

"सगळ्यांनी एकत्र नाश्ता करायचाय, त्यासाठी."

"अहो, त्यासाठी ब्रेड चालला असता."

आबांनी मशीनकडे न बघता आधी वायर हातात घेतली. अंगठ्याने दाबली, प्लग उलटा करून बघितला. मग माझ्याकडे ते बघतात तसं बघितलं. सहाव्या वर्षी मी काडेपेटी घेऊन पलंगाखाली सापडलो होतो, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तसं बघितलं होतं.

प्लग जाडजूड पिनांचा होता. स्वयंपाकघरातल्या एकाही भोकात जाईना. तशी जागा सबंध घरात एकच : पॅसेजमध्ये, वॉशिंग मशीनच्या मागे. आमचा पॅसेज म्हणजे एका टोकाला बाहेरचं दार, दुसऱ्या टोकाला बेसिन आणि बाथरूम, मध्ये एक छोटी खिडकी, आणि खिडकीच्या समोरच्या भिंतीवर घराचा मेन स्विच. डोंगर महंमदाकडे येत नाही म्हटल्यावर मी जेवणाचं टेबल पॅसेजमध्ये ओढलं. ते बसलं. फक्त एकदा माणसं बसली की बाथरूमला जायला टेबलाखालून जावं लागे.

दुसऱ्या रविवारी सकाळी आठला मी हाक दिली, "चला, वॉफल!" एकटे आबा आले. त्यांच्या पायात बूट होतेच. बाकीच्यांच्या खोल्यांमधून पंख्याचे आवाज येत राहिले.

सोबतची पुस्तिका सहा भाषांत होती. त्यातली एकही मला येत नव्हती, पण चित्रं होती. चित्रातल्या बाईच्या हातात जग होता, म्हणून मी जगभर पीठ ओतलं. (चित्रातला जग केवढा होता हे चित्रावरून कळत नाही. हा दोष चित्राचा आहे.) झाकण मिटलं, कडी घातली आणि दांडा धरून मशीन ऐटीत उलटं फिरवलं.

पीठ चारी बाजूंनी बाहेर आलं. थोडं वॉशिंग मशीनवर गेलं, थोडं भिंतीवर, थोडं माझ्या डाव्या चपलेत. उरलेलं आत राहिलं आणि तापू लागलं. आधी छान वास आला. मग वास आला. मग धूर. मी कडी काढायला गेलो, तर पीठ तिच्यात जाऊन दगड झालेलं. झाकण ओढलं, हलेना. आबांनी ओढलं, हलेना. मी भिंतीला पाय लावून ओढलं, तर आख्खं मशीन टेबलासकट माझ्याकडे आलं. पण एक सांगतो, त्या गडबडीतसुद्धा बिजागरी तसूभर वाकडी झाली नाही.

"बाजूला हो!" आबा गरजले. हा आवाज मी बारा वर्षांनी ऐकत होतो. "मेन बंद!"

ताई अंथरुणातून सरळ स्विचवर येऊन आदळली आणि तिने तो खाली खेचला. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. ही ओला टॉवेल घेऊन आली, तो तिने आधी मशीनवर टाकला आणि मग माझ्या हाताला गुंडाळला. धाकट्याने खिडकी उघडली, डोकं बाहेर काढलं आणि वरच्या मजल्याकडे बघून ओरडला, "आग नाही! नाश्ता आहे!"

मग सगळं शांत झालं. दिवे बंद, पंखे बंद, पॅसेजमध्ये करपलेल्या साखरेचा वास, आणि आम्ही पाच जण एकमेकांच्या अंगावर पडून खोकतोय. पहिली ताई हसली. मग ही. मग आबांचं पोट हलायला लागलं. आम्ही तिथेच बसून ब्रेडला जॅम लावून खाल्ला, आणि खाता खाता माझ्या लक्षात आलं की आपण पाचही जण बसलोय. मी मनातल्या मनात पुन्हा मोजलं. पाचच होते.

झाकण दुपारी आबांनी पटाशीने उघडलं. आतून जे निघालं त्याचे दोन भाग झाले होते, अर्धं वरच्या ताटलीला, अर्धं खालच्या.

आता मशीन माळ्यावर जाणार असं मी धरून चाललो होतो. पण तिसऱ्या रविवारी चमत्कार झाला. मी पाऊण वाजून आठला, चुकलो, पावणेआठला पॅसेजमध्ये आलो, तर चौघंही तोंड धुऊन, केस विंचरून, टेबलाशी बसलेले! ताई! रविवारी! आठच्या आत!

"आज करणार आहेस ना बाबा?" तिने विचारलं.

मी बाह्या सरसावल्या. "करणार म्हणजे काय! आता दर रविवारी करणार."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना आनंद आवरेना असं मला वाटलं.

पीठ या वेळी वाटीनेच घातलं. वॉफल अखंड निघालं नाहीच, ते चमच्याने खरवडून काढावं लागलं. पण काय सांगू, ती सकाळ! एकानेही फोन हातात घेतला नाही. सगळ्यांचं लक्ष माझ्या हाताकडे. इतक्या एकाग्रतेने माझ्याकडे लग्नातही कुणी बघितलं नव्हतं. आणि जागासुद्धा आपोआप ठरून गेल्या. ताई मेन स्विचखाली. धाकटा खिडकीशी. ही बेसिनजवळ, खांद्यावर ओला टॉवेल घेऊन. (उकडत असेल.) आबा दाराशी, खुर्चीखाली पाण्याची बादली. (त्यांच्या टाचा दुखतात, पाय बुडवायला असेल.) प्रत्येकाची आपली खुर्ची! याला म्हणतात घर, असं मी मनात म्हटलं.

आणि मशीनवरच्या लाल दिव्याचा हिरवा होईपर्यंत करायला दुसरं काही नसल्यामुळे लोक बोलू लागले हो! ही म्हणाली, एक पैलवान लॅबमध्ये सुई बघून तिच्या अंगावर कोसळला. आबांनी त्यांची पहिली आग सांगितली, जिच्यात ते शिडी विसरून गेले होते. धाकट्याने गणितातले गुण सांगितले. रागवायला कुणाला सवड नव्हती, कारण तेवढ्यात धूर आला. आणि चौथ्या रविवारी ताई खरवड चघळत हळूच म्हणाली, "मला जरा भीती वाटतेय. तिथे मला कोणी ओळखत नाही." हिने तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरा हात टॉवेलवरच होता.

मी तर हवेत होतो. कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटलो. कुटुंब एकत्र आणायचं तर वॉफल करा. खर्च एकदाच.

पाचवा रविवार, ताईचा शेवटचा. बुधवारी ती जाणार. मी दोन दिवस खपून छोटं भाषण पाठ केलं होतं. पीठ घालून झाकण मिटलं आणि घसा साफ केला, तेवढ्यात ताई उठली आणि धाकट्याला म्हणाली,

"ये, इथे बस. आजपासून हे तुझ्याकडे. उजवा हात मोकळा ठेवायचा. दिवा लागला की मोजायला लागायचं. दोनशेच्या पुढे गेलं आणि बाबा म्हणाला 'अजून थोडं', की विचारायचं नाही. सरळ खाली खेचायचं."

"आणि खिडकी?"

"खिडकी आईकडे."

"टॉवेल आणि खिडकी एका माणसाला जमायचं नाही," आबा गंभीरपणे म्हणाले. "मनुष्यबळ कमी पडतंय."

"काय चाललंय काय?" मी विचारलं.

 मग आबांनी उठून मेन स्विचच्या पेटीचं दार उघडलं. आतल्या बाजूला त्यांच्या टपोऱ्या अक्षरातला कागद चिकटवला होता. तारीख त्या पहिल्या धुराच्या दुसऱ्या दिवसाची. 'रविवार सकाळ, कर्तव्यवाटप.' मेन : ताई. टॉवेल : सूनबाई. खिडकी व शेजाऱ्यांना खुलासा : धाकटा. बादली व एकूण देखरेख : स्वतः. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत : 'आगीचं संभाव्य कारण : चिरंजीव.'

चिरंजीव म्हणजे मी.

"म्हणजे तुम्ही... वॉफल खायला येत नव्हता?"

"अहो, वॉफल असतं कुठे?" ही म्हणाली. "खरवड असते."

"मग मला एकट्याला करू द्यायचं होतं," मी म्हणालो.

"म्हणून तर येतो," धाकटा म्हणाला.

मला फार लागलं. इतके दिवस मी ज्याला घर समजत होतो तो बंदोबस्त होता. मी प्लग उपटला. म्हणालो, "आजपासून हे बंद. झोपा तुम्ही रविवारी. उगाच माझ्यापायी कुणी लवकर उठायला नको."

वाटलं होतं, सुटकेचा निःश्वास ऐकू येईल. कुणी हललंसुद्धा नाही. धाकटा नवीन जागेवर अवघडून बसून राहिला.

"असं नको ना करू, बाबा," ताई म्हणाली.

"का? तुमची झोप होईल."

"झोप नकोय." तिचा आवाज कापला. "तिथे गेल्यावर रविवारी आठ वाजले की मला कळलं पाहिजे ना, तुम्ही सगळे कुठे कुठे बसलाय ते. मी रोज कुणाकुणाला शोधू? आबा फिरायला, आई लॅबमध्ये, तू पेपरात. रविवारी तरी मला माहीत असतं की सगळे इथे पॅसेजमध्ये आहेत."

 पाठ केलेलं भाषण पार विसरलो. आबा उगाचच बादली इकडची तिकडे सरकवत म्हणाले, "ठरलेली कवायत बंद करायचा अधिकार तुला नाही. लाव तो प्लग."

मी लावला. धाकट्याने एकशे चाळीसलाच मेन खेचला. नवीन होता बिचारा.

बुधवारी ताई गेली. स्टेशनवर कोण किती रडलं ते सांगत नाही. (आबा, सर्वांत जास्त. बूट बघत होते.) गुरुवार, शुक्रवार, शनिवार घर नुसतं रिकाम्या भांड्यासारखं वाजत राहिलं. तरी रविवारी पावणेआठला आम्ही चौघं पॅसेजमध्ये बसलो. खिडकीजवळची खुर्ची रिकामी. मी वाटीत पीठ घेतलं, पण ओतायला हात होईना.

बरोबर आठला फोन वाजला. व्हिडिओ कॉल. हिने घाईघाईने तो बेसिनच्या नळाला टेकवून उभा केला. ताई कुठल्यातरी लोखंडी पलंगावर बसली होती, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"बसलात सगळे? आबा?"

"हजर!" आबा म्हणाले.

"टॉवेल ओला आहे ना आई? धाकट्या, हात मोकळा ठेव."

सगळं मागच्यासारखंच चाललं होतं, फक्त ती अकरा तास लांब होती. मला राहवेना. मी टेबलावरून वाकून फोन दोन्ही हातांनी धरला आणि माझं तोंड त्यात पूर्ण भरेल इतका जवळ नेला.

"बाळा," मी म्हणालो, "मीही आहे इथे. बघ. नीट बघून घे."

तिने बघितलं. खूप वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरून आले, ओठ थरथरले, आणि ती म्हणाली,

"बाबा, जरा मागे हो ना. तुझ्यामुळे प्लग दिसत नाहीये."